चार टक्के कोणाचे? महागडे कार्बन शूज आणि आपण हौशी धावपटू

पावसाळा संपून हवेत गारवा येऊ लागला, की पुण्यातल्या धावणाऱ्यांच्या गटांत एक प्रश्न हमखास निघतो: कार्बन प्लेटचे, म्हणजे सोलमध्ये कार्बनची ताठ पट्टी बसवलेले, शूज घ्यावेत की नाही? परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होणारी पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन समोर असते, तिच्या पाठोपाठ जानेवारीत मुंबई असते, आणि गटातल्या कोणीतरी नुकतीच वीस-बावीस हजारांची जोडी घेऊन आपला जुना टायमिंग मोडलेला असतो. माझे उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचे वाचण्याची सक्ती राहणार नाही. फायदा होतो, पण आपल्यासारख्यांच्या वेगाला तो जाहिरातीतल्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतो, तो प्रत्येकाला सारखा मिळत नाही, आणि जो मिळतो त्यातला मोठा वाटा ज्या कार्बनच्या पट्टीसाठी आपण पैसे मोजतो तिचा नसून तिच्या खाली-वर असलेल्या फोमचा आहे, असे आतापर्यंतच्या प्रयोगांवरून दिसते. या शेवटच्या मुद्द्यामुळे खरेदीचा हिशेब बराच बदलतो, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

प्रथम ‘चार टक्के’ हा आकडा कुठून आला ते पाहू. २०१७ साली नायकेने व्हेपरफ्लाय हा बूट बाजारात आणला तेव्हा त्याच्या नावातच ४% होते. त्याच वर्षी ६ मे रोजी इटलीत मोंझा येथील मोटारशर्यतींच्या ट्रॅकवर केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे मॅरेथॉनचे अंतर २ तास ० मिनिटे २५ सेकंदांत धावला आणि त्याच्या पायांतल्या बुटांकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. नावातला आकडा मात्र मोंझाचा नव्हता. तो अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील प्रयोगशाळेतून आला होता. तेथे १८ पुरुष धावपटूंना ट्रेडमिलवर ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगाने धावायला लावून, तोच वेग राखण्यासाठी त्यांचे शरीर किती ऊर्जा खर्च करते हे श्वासातील वायूंवरून मोजण्यात आले. या मापाला रनिंग इकॉनॉमी म्हणतात. नव्या बुटाच्या नमुन्यात हा खर्च त्या काळच्या दोन नावाजलेल्या शर्यतीच्या बुटांच्या तुलनेत सरासरी चार टक्क्यांनी कमी आला. ज्याला सर्वांत कमी लाभ झाला त्याची बचत दीड-दोन टक्क्यांची होती आणि ज्याला सर्वांत जास्त झाला त्याची सहा टक्क्यांहून थोडी अधिक.

अभ्यासाला पैसा नायकेचाच होता, आणि तेवढ्यावरून तो बाजूला सारण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण पुढे न्यूझीलंडमध्ये स्वतंत्रपणे झालेल्या अभ्यासात, ज्यात स्त्रिया आणि पुरुष दोघेही होते, चार टक्क्यांच्या जवळपासचाच आकडा आला. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तो पावणेतीनच्या आसपास आला. म्हणजे आकडा बनावट नाही. अडचण वेगळी आहे. बोल्डरच्या प्रयोगात ज्यांना घेतले ते सगळे दहा किलोमीटर ३२ मिनिटांच्या आत धावू शकणारे होते, आणि त्यांच्यासाठी ठेवलेला सर्वांत संथ वेग, ताशी १४ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे सव्वाचार मिनिटे. रविवारी सकाळी विद्यापीठाच्या आवारात किंवा पाषाणच्या रस्त्यावर धावणाऱ्या आम्हा मंडळींपैकी बहुतेकांचा पेस किलोमीटरला साडेपाच ते सात मिनिटांच्या दरम्यान असतो. आमच्यासाठी तो ‘सर्वांत संथ वेग’ म्हणजे शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, तोही फोटो काढणारा दिसला तर.

संथ वेगाला काय होते, याचे उत्तर टेक्सासमधील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिले. त्यांनी स्त्री आणि पुरुष धावपटूंना ताशी १२ आणि १० किलोमीटर वेगाने, म्हणजे पाच आणि सहा मिनिटांच्या पेसने, व्हेपरफ्लायच्या पुढच्या आवृत्तीत आणि एका साध्या शर्यतीच्या बुटात धावायला लावले. ताशी १२ च्या वेगाला सरासरी बचत १.४ टक्के निघाली आणि ताशी १० ला ०.९ टक्के. चाराचा एक झाला तो असा.

आता हा एक टक्का वेळेत मांडून पाहू. सहा मिनिटांच्या पेसने अर्धमॅरेथॉनला २ तास साडेसहा मिनिटे लागतात, आणि त्याचे ०.९ टक्के म्हणजे सुमारे ६८ सेकंद. पाचच्या पेसने १ तास साडेपंचेचाळीस मिनिटे लागतात, तिथे १.४ टक्के म्हणजे दीड मिनिट. पूर्ण मॅरेथॉन सहाच्या पेसने ४ तास १३ मिनिटांत होते, तिथे सव्वादोन मिनिटांच्या आसपास. ऊर्जेच्या बचतीचे वेगात रूपांतर अगदी एकास एक होत नाही; फार वेगवान धावपटूंच्या बाबतीत हवेच्या विरोधामुळे बचतीचा काही भाग वाया जातो, आपल्या वेगाला तो प्रश्न जवळजवळ नसतो. तेव्हा हा हिशेब ढोबळ असला तरी आपल्यापुरता पुरेसा आहे. अडुसष्ट सेकंद म्हणजे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. २ तास ० मिनिटे ४० सेकंदांवर ज्याची अर्धमॅरेथॉन अडली आहे, त्याला त्याचे मोल विचारावे. मात्र हेही लक्षात ठेवावे, की पाण्याच्या टेबलापाशी थांबून घुटके घेण्यात आणि पहिले पाच किलोमीटर उत्साहाच्या भरात पळून शेवटचे पाच रखडत काढण्यात आपण याहून कितीतरी अधिक वेळ घालवतो.

सरासरीच्या आड काय दडलेले असते, ते आणखी एका अभ्यासातून कळते. त्यात जागतिक दर्जाचे सात केनियन आणि सात हौशी युरोपीय धावपटू होते, सगळे पुरुष. वेगवेगळ्या कार्बन बुटांची तुलना साध्या पातळ बुटाशी केल्यावर केनियन धावपटूंमध्ये एका टोकाला ११ टक्क्यांहून अधिक फायदा दिसला आणि दुसऱ्या टोकाला जवळपास तेवढाच तोटा. हौशी युरोपीयांमध्ये साडेनऊ टक्क्यांच्या वर फायद्यापासून एक टक्क्याच्या तोट्यापर्यंत आकडे पसरले होते. माणसामाणसांत इतका प्रचंड फरक खरोखर असतो, असे मला वाटत नाही. अशा मोजमापात त्या दिवसाची झोप, ट्रेडमिलची सवय आणि यंत्राची चूक हेही मिसळलेले असते, आणि इन-मीन चौदा माणसांवरून फार ताणू नये. परंतु एवढे खात्रीने म्हणता येते, की शेजाऱ्याला झालेला फायदा आपल्याला होईलच असे नाही, आणि एकाच माणसाला दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बुटांतही सारखा होत नाही.

आता बुटाच्या आत काय आहे त्याकडे वळते. दुकानात विक्रेता बूट वाकवून दाखवतो, तो वाकत नाही, आणि मग ‘बघा, कार्बन प्लेट’ असे म्हणतो, तेव्हा आपला समज असा होतो की ही पट्टी स्प्रिंगसारखी आपल्याला पुढे ढकलते. प्रत्यक्षात ऊर्जा साठवून परत देण्याचे मुख्य काम फोम करतो. वर्षानुवर्षे बुटांच्या सोलमध्ये ईव्हीए नावाचा फोम असे. तो कापसाच्या जुन्या गादीसारखा आहे, धक्का सोसतो पण दाबलेले सगळे परत देत नाही. नव्या शर्यतीच्या बुटांत पीबा या कुळातला फोम आला. तो वजनाला हलका, मऊ आणि तरीही विलक्षण उसळणारा आहे. बोल्डरच्याच अभ्यासात यंत्राने दाबून पाहिले, तेव्हा व्हेपरफ्लायच्या सोलने त्याला दिलेल्या ऊर्जेपैकी ८७ टक्के परत केली, तर तुलनेतल्या इतर दोन बुटांनी अनुक्रमे सुमारे ७६ आणि ६६ टक्के. येथे कुठेही नवी ऊर्जा निर्माण होत नाही. पाऊल पडताना जी वाया जाणार होती ती थोडी कमी वाया जाते, इतकेच. फोम हलका असल्यामुळे सोल जाड ठेवता येतो, आणि जाड सोल अधिक दबून अधिक परत देऊ शकतो. याच कारणाने जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने जानेवारी २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी ४० मिलिमीटर आणि पट्ट्यांची संख्या एक अशी मर्यादा घातली. २०२१ च्या सप्टेंबरात व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये पहिल्या आलेल्या देरारा हुरिसाला ५० मिलिमीटर सोलचे बूट घातल्याबद्दल बाद करण्यात आले होते. आपण चौथ्या तासात पोहोचणारे लोक. आपल्या सोलची जाडी मोजायला कोणी येत नाही.

मग पट्टी काय करते? ती चवड्याशी बूट वाकू देत नाही, त्यामुळे बोटांच्या सांध्यात खर्च होणारी ऊर्जा काहीशी वाचते. सोलच्या वळणदार आकाराला ती ताठ ठेवते, आणि उंच, मऊ फोमला इकडेतिकडे ढळू देत नाही. ही कामे बिनमहत्त्वाची नाहीत. पण त्यांचा ऊर्जेच्या बचतीत वाटा किती, हे तपासण्यासाठी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी एक सरळ युक्ती केली. त्यांनी व्हेपरफ्लायमधल्या कार्बनच्या पट्टीला करवतीने आडवे छेद दिले, म्हणजे बूट तोच, फोम तोच, फक्त पट्टीचा ताठपणा नाहीसा झाला, आणि मग अखंड व छेदलेल्या बुटांत ताशी १४ किलोमीटरने धावायला लावून ऊर्जा मोजली. फरक सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो निश्चित मानावा इतकाही नव्हता. हा प्रयोग मला या सगळ्या चर्चेत सर्वांत उपयोगाचा वाटतो, कारण बाजारात किमतीची उडी नेमकी पट्टीपाशी होते. पीबाचा किंवा त्याच्या तोडीचा फोम असलेले पण कार्बनची पट्टी नसलेले बूट आता अनेक कंपन्या बनवतात, आणि ते बऱ्याचदा पट्टीवाल्या बुटांच्या निम्म्या-पाऊण किमतीत मिळतात. ज्या वेगाला मुळातच एका टक्क्याचा प्रश्न आहे, तिथे पट्टीच्या वाट्याला काय उरते याचा विचार ज्याने त्याने करावा.

वजनाचा मुद्दा याहून कमी बोलला जातो आणि आपल्यासाठी तो कदाचित अधिक मोठा आहे. बुटाचे वजन प्रत्येक पायामागे १०० ग्रॅमने वाढले तर ऊर्जेचा खर्च साधारण एक टक्क्याने वाढतो, हे फोमच्या क्रांतीच्या कितीतरी आधीपासून माहीत असलेले गणित आहे. बोल्डरच्या प्रयोगात हलक्या बुटांना शिशाच्या गोळ्या लावून सगळ्यांची वजने सारखी केली होती, म्हणजे तिथले चार टक्के वजनाशिवायचे होते आणि तुलना मुळातच शर्यतीच्या हलक्या बुटांशी होती. आपली तुलना तशी नसते. आपण तीनशे ग्रॅमच्या, सहा-आठ महिने रोज झिजवलेल्या ट्रेनिंगच्या बुटांतून एकदम दोनशे ग्रॅमच्या नव्या कोऱ्या बुटांत शिरतो, पहिल्याच रविवारी पेस उतरलेला दिसतो, आणि त्याचे सगळे श्रेय कार्बनला देतो. त्यातला एक टक्का केवळ शंभर ग्रॅम उतरल्याचा असू शकतो. तो हलक्या, साध्या, पट्टी नसलेल्या बुटातही मिळाला असता, ही गोष्ट विक्रेता सांगणार नाही.

याच दृष्टीने न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपवरील हजारो शर्यतींच्या नोंदींतून काढलेला निष्कर्ष वाचायला हवा. व्हेपरफ्लाय घातलेले धावपटू तशाच क्षमतेच्या इतर धावपटूंपेक्षा तीन ते चार टक्क्यांनी वेगवान होते, असे त्या विश्लेषणात दिसले, आणि त्या धावपटूंत पुष्कळ हौशी होते. माझ्या एक टक्क्याच्या हिशेबाला हा आकडा उघडच विरोध करतो. विश्लेषकांनी बरीच काळजी घेतली होती, एकाच माणसाने बूट बदलल्यावर काय झाले हेही त्यांनी पाहिले होते. तरीही माणूस महाग बूट घेतो तो साधारणपणे तयारी चांगली झालेली असताना, आवडीच्या शर्यतीआधी, मनात टायमिंगचा निश्चय करून. ते सारे आकडेवारीतून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. शिवाय तुलना ‘इतर बुटांशी’ होती, आणि त्या इतर बुटांत तीनशे ग्रॅमवालेही आले. पायांत उसळणारे बूट आहेत हे धावणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे विश्वासाचा परिणामही त्यात आलाच. मला त्या परिणामाबद्दल तक्रार नाही. फक्त त्याची किंमत वीस हजार असावी का, एवढाच प्रश्न आहे.

आता पुण्याकडे येते, कारण प्रयोगशाळेतली ट्रेडमिल सपाट, कोरडी आणि खड्डे नसलेली असते. आपल्याकडे धावणे म्हणजे गतिरोधक, रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली किंवा वर असलेली गटारांची झाकणे, पेव्हर ब्लॉकचे उखडलेले कोपरे आणि सकाळी सहालाही अंगावर येणाऱ्या दुचाकी. उंच, मऊ आणि टाचेशी अरुंद असलेल्या सोलवर सरळ रेषेत धावताना जो आनंद मिळतो, तो एकदम बाजूला उडी मारावी लागली की नाहीसा होतो. घोटा मुरगळण्याची भीती मला साध्या बुटांत कधी वाटली नाही, ती या बुटांत वाटते. वेताळ टेकडीवर, तळजाईवर किंवा बाणेर-पाषाणच्या टेकडीवर ते घालून जाणे तर निव्वळ उधळपट्टी आहे: खडे, मुरूम आणि दगडी पायवाट खालचे पातळ रबर लवकर खाऊन टाकतात, आणि तिथे वेगाला काही अर्थही नसतो. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला, जी २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटाने वर जाऊन तशीच खाली येते, बरेच जण हे बूट घालून येतात. चढावर आपला पेस सात-आठ मिनिटांवर जातो, तिथे फोमला करण्यासारखे फारसे उरत नाही. उतारावर, तोही पावसाने भिजलेल्या डांबरावर, मला सोलची उसळी नको असते, पकड हवी असते. त्या शर्यतीला मी साधे, खाली चांगले रबर असलेले बूट घालते.

येथे एक जरासे विषयांतर करते. फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावर आणि कॅम्पात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून याच बुटांच्या हुबेहूब नकला दोन-अडीच हजारांना मिळतात, आणि कॉलेजातली मुले त्या घालून धावायलाही येतात. दिसायला रंगसुद्धा तोच असतो, पण ज्या फोमसाठी हा सगळा खटाटोप आहे तो त्यात असण्याची शक्यता जवळजवळ नाही. ताठपणा मात्र असतो. ताठ सोल आणि निर्जीव फोम हे पायांसाठी वाईटातले वाईट मिश्रण आहे. त्यापेक्षा त्याच किमतीतले साधे, कंपनीचे बूट शंभर पटींनी बरे.

दुखापतीच्या बाबतीत घाबरवणे आणि दुर्लक्ष करणे ही दोन्ही टोके टाळायला हवीत. २०२३ मध्ये क्रीडावैद्यकाच्या एका नियतकालिकात पाच खेळाडूंचा अहवाल आला. कार्बन प्लेटच्या बुटांत धावल्यानंतर त्यांच्या पायाच्या मधल्या भागातील नॅव्हिक्युलर या हाडाला ताणामुळे इजा झाली होती. पाच जणांवरून बूट धोकादायक ठरत नाहीत, आणि लेखकांचाही तसा दावा नव्हता. त्यांनी सुचवले ते इतकेच, की या बुटांची सवय सावकाश करावी. यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. बूट ताठ झाला की पायावरचा भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो; बोटांच्या सांध्यावरचा कमी झाला तर पायाच्या मधल्या भागावर किंवा पोटरीवर वाढू शकतो. ज्यांची हाडे आणि स्नायू पंधरा वर्षे रोज ट्रॅकवर घडली आहेत त्यांना हा बदल पेलतो. आमच्यासारखे, जे पस्तिशी-चाळिशीत डॉक्टरांनी साखर सांगितल्यावर धावू लागले, त्यांनी नवी जोडी पहिल्यांदा थेट शर्यतीच्या दिवशी घालू नये, आणि रोजही घालू नये.

या बुटांत लांब धावल्यानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या कमी दुखतात, असे सांगणारे मात्र पुष्कळ भेटतात, आणि माझाही अनुभव तसाच आहे. तीस किलोमीटरच्या रविवारनंतर सोमवारी जिना उतरताना मला फरक जाणवतो. पण हा गुण जाड आणि चांगल्या फोमचा आहे, आणि पट्टी नसलेल्या जाड फोमच्या बुटांतही तो तसाच जाणवतो. हौशी माणसासाठी सेकंदांपेक्षा हा फायदा मोठा असू शकतो, कारण सोमवारी पाय हलके असतील तर मंगळवारचे धावणे चुकत नाही.

आपल्याला किती फायदा होतो हे घरच्या घरी तपासता येते का? येते, फक्त थोडा कंटाळवाणा उद्योग आहे. मोजलेले अंतर हवे, म्हणजे चारशे मीटरचा ट्रॅक. घड्याळाच्या जीपीएसवर विसंबून चालणार नाही, कारण सहा मिनिटांच्या पेसला एक टक्का म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम साडेतीन सेकंद, आणि जीपीएसची चूक सहज त्याहून अधिक असते. थंड सकाळी चांगले वॉर्म-अप करून, छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधून, ठोके एका ठरावीक आकड्यावर राखत आधी जुन्या बुटांत, मग नव्यात, पुन्हा नव्यात आणि शेवटी पुन्हा जुन्यात सारखेच अंतर धावावे, आणि मिळालेल्या वेळांची सरासरी करावी. हा उलटसुलट क्रम महत्त्वाचा आहे, कारण ऊन चढेल तसे ठोके आपोआप वाढतात आणि जो बूट शेवटी येतो त्याच्यावर अन्याय होतो. हे वेगवेगळ्या सकाळी करून पाहावे. मी केले तेव्हा माझ्या सहाच्या पेसला फरक दिवसादिवसाच्या चढउतारात हरवून गेला. साडेपाचच्या आत गेल्यावर तो थोडा वर आला. तुलनेसाठी जुने म्हणून झिजलेले जड बूट न घेता हलके, चांगल्या स्थितीतले घ्यावेत, नाहीतर मघाचा शंभर ग्रॅमचा घोटाळा पुन्हा होईल.

किमतीत आणखी एक छुपा भाग आहे, तो म्हणजे आयुष्य. पीबाचा फोम जितका चपळ तितका नाजूक असतो. एका स्पॅनिश अभ्यासात साडेचारशे किलोमीटर धावून झाल्यावर पीबाच्या बुटांचा ईव्हीएवरचा फायदा उरला नव्हता. बावीस हजारांची जोडी चारशे किलोमीटर पुरली असे धरले तर किलोमीटरला पंचावन्न रुपये पडतात. आठ हजारांचे ट्रेनिंगचे बूट सातशे किलोमीटर चालले तर साडेअकरा. या शर्यतीचे अगदी टोक पाहायचे असेल तर अदिदासने २०२३ मध्ये काढलेला पाचशे डॉलरचा बूट पाहावा. त्याचे वजन अवघे १३८ ग्रॅम होते, तो एका मॅरेथॉनपुरता आणि थोड्या सरावापुरताच बनवलेला होता, आणि तो घालून टिगिस्ट अस्सेफाने त्याच वर्षी बर्लिनमध्ये २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांचा महिलांचा जागतिक विक्रम केला. तिच्यासाठी तो व्यवसायाचा खर्च आहे. आणि दुसऱ्या बाजूला आपल्याकडचे उदाहरण आहे: अनवाणी धावण्यासाठी ओळखले जाणारे शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली, आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. कार्बनचे बूट बाजारात आल्यानंतरही तो कित्येक वर्षे उभा होता. यावरून बूट निरुपयोगी आहेत असे सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण गटात कोणी ‘बुटांशिवाय आता काही खरं नाही’ म्हणाले की मी हे नाव घेते.

तरीही काही जणांना मी पट्टीवाले बूट घ्यायला सांगेन. ज्यांचा पेस पाचच्या आत आहे, जे बॉस्टन मॅरेथॉनच्या पात्रतेच्या वेळेला एक-दोन मिनिटांनी मुकत आहेत, ज्यांचा आठवड्याचा सराव नियमित आहे आणि ज्यांच्या घरखर्चाला बावीस हजारांनी खिंडार पडत नाही, त्यांनी खुशाल घ्यावेत आणि शर्यतीसाठी जपून ठेवावेत. आमच्या गटातला एक तरुण, ज्याची अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या किंचित वर अडली होती, त्याने मला विचारले, ‘ताई, हप्त्यावर मिळतायत, घेऊ का?’ त्याच्या आठवड्यात धावणे दोनच दिवस होते आणि पायांत कापड फाटलेले जड बूट होते. मी त्याला पट्टी नसलेले, चांगल्या फोमचे, सव्वादोनशे ग्रॅमच्या आतले बूट घ्यायला आणि बुधवारचा एक दिवस वाढवायला सांगितले. त्याने बूट घेतले. बुधवारचे अजून नक्की नाही.

ज्यांचा निश्चय झालाच आहे त्यांच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट. कंपन्या या बुटांची आवृत्ती दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, आणि नवी आली की मागची बरीच स्वस्त होते. दोन आवृत्त्यांतला फरक बहुतेक वेळा वरच्या कापडात आणि टाचेच्या आकारात असतो, फोम पुष्कळदा तोच राहतो. अशी मागची आवृत्ती मिळाली तर घ्यावी, मात्र संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, धावतानाचेच मोजे घालून मापून घ्यावी, कारण हे बूट बहुधा चवड्याशी अरुंद असतात आणि नेहमीच्या मापापेक्षा अर्धा आकडा मोठे लागू शकतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा नसेल तर सवलत कितीही असली तरी ते दुकानातच ठेवावेत.